नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली का?

२०२५ च्या मे महिन्यात मोहक मंगल या यूट्यूबरने एक व्हिडिओ टाकला आणि देशभरातल्या छोट्या-मोठ्या चॅनलवाल्यांना धडकी भरली. एएनआय या वृत्तसंस्थेची काही सेकंदांची दृश्यं वापरली म्हणून चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेले इशारे, आले आणि ते मागे घ्यायला मोठी रक्कम मागितली गेली, असा त्याचा आरोप होता. दृश्यं आमची आहेत आणि हक्क बजावणं बेकायदा नाही, असं संस्थेचं म्हणणं. पुढे मानहानीचा दावा होऊन हे भांडण दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं.

यूट्यूबचा नियम कडक आहे. ९० दिवसांच्या आत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होऊ शकतं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओंवर घर चालवणारी तरुण मंडळी आहेत. कुणी फेसबुकवर गावाचा इतिहास लिहितं, कुणी रावेर-यावलच्या केळीचे भाव रोज टाकतं, कुणी जुन्या दिवाळी अंकातल्या कथा टाइप करून वाचकांपर्यंत पोचवतं. यातला प्रत्येकजण कधी ना कधी दुसऱ्याचं काहीतरी उचलतो आणि खाली ‘साभार’ लिहितो. तेवढं पुरतं, असा आपला सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. दुसऱ्या बाजूला, कायदा जिथे मोकळीक देतो तिथेही माणसं भिऊन गप्प बसतात. या दोन्हींमुळे नुकसान होतं.

## हक्क नेमका कशावर असतो

भारतात कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि वेळोवेळी बदलला; त्यातला मोठा बदल २०१२ चा. कुणी स्वतःच्या बुद्धीने काही लिहिलं, काढलं, चाल लावली, चित्रित केलं, की त्या क्षणी त्याचा हक्क तयार होतो. नोंदणी करावी लागत नाही. वर्तुळातला ‘सी’ छापावा लागत नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहिलेलं नसलं तरी हक्क राखीवच असतात.

हक्क असतो मांडणीवर, कल्पनेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलं. वस्तुस्थितीवरही कुणाची मालकी नसते. आज सराफ बाजारात सोनं काय भावाने गेलं, हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडले, ही माहिती कुणीही कुठूनही घेऊन स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो. वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजायची, ठेचायची आणि त्यात कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे घालायचे ही भरताची रीत सगळ्या खान्देशाची. पण एखाद्या ताईंनी त्याच रीतीवर आजीच्या आठवणींसह सुंदर लेख लिहिला असेल, तर तो लेख त्यांचा. सोबतचा फोटोही ज्याने काढला त्याचा.

मालक कोण, हे नेहमी दिसतं तितकं सोपं नसतं. साधारणपणे लिहिणारा किंवा काढणारा हाच पहिला मालक. वर्तमानपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशनाचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, मालक संस्थेकडे असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंबाबत कायदा बऱ्याच जणांना धक्का देतो. लग्नाच्या फोटोंचे पैसे वधू-वराच्या घरच्यांनी दिले असतील आणि वेगळा करार झाला नसेल, तर पहिले मालक ते घरचे. फोटोग्राफरने नवरीचा फोटो जाहिरातीसाठी टाकायचा असेल तर त्याने त्यांना विचारायला हवं.

## बहिणाबाईंच्या कविता कुणाच्या?

हक्काला मुदत असते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. चित्रपट, ध्वनिमुद्रणं आणि सरकारी प्रकाशनं यांच्यासाठी प्रकाशनापासून ६० वर्षं.

हिशेब आपल्याच माणसांवर करून पाहू. धरणगावात जन्मलेले बालकवी १९१८ साली गेले; त्यांच्या कविता कधीच्याच सर्वांच्या झाल्या. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. ना. धों. महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवर २०८३ अखेरपर्यंत हक्क राहील. म्हणजे महानोरांची अख्खी कविता सुंदर चित्रावर छापून पानावर टाकताना परवानगी हवी, बालकवींची टाकताना नको.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. नुसत्या मृत्यूवरून मोजलं तर मुदत २०११ अखेर संपते. पण त्यांचा संग्रह त्यांच्या मागे, १९५२ साली प्रकाशित झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, असं कलम २४ सांगतं. म्हणून त्या संग्रहातल्या कविता २०१२ संपल्यावर मुक्त झाल्या. एखादी कविता पुढच्या एखाद्या आवृत्तीत प्रथमच छापली गेली असेल, तर तिचं घड्याळ त्या आवृत्तीच्या वर्षापासून चालतं. त्यामुळे हातातली आवृत्ती कोणती, हे पाहायलाच हवं.

त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १३ जून १९६९ ला गेले, म्हणजे प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. एकाच पुस्तकातली कविता तुम्ही निर्धास्तपणे पूर्ण छापू शकता, पण प्रस्तावना जशीच्या तशी टाइप करून टाकू शकत नाही. शिवाय बहिणाबाईंची कविता मुक्त झाली म्हणून ती गायलेली गेल्या वर्षीची ध्वनिफीत मुक्त होत नाही. तिच्यात चाल लावणाऱ्याचा, गायिकेचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा असे वेगवेगळे हक्क असतात.

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनाही हा हिशेब उपयोगी पडतो. इंग्रजांच्या काळातलं खान्देशचं गॅझेटियर १८८० सालचं आहे. त्यातले उतारे, आकडे, वर्णनं बिनधास्त घ्या. मात्र कुणी अलीकडे त्याचा मराठी अनुवाद केला असेल, तर तो अनुवाद त्या अनुवादकाचा आहे.

## “पण मी नाव दिलंय ना!”

सर्वात जास्त ऐकू येणारी सबब हीच, आणि तिच्यामागची भावना बहुतेक वेळा प्रामाणिक असते. माणसाला चोरी करायची नसते, आवडलेलं इतरांना दाखवायचं असतं.

कायद्यात मात्र नाव आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ५७ लेखकाला खास हक्क देतं. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा एक, आणि तिची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्याला रोखण्याचा दुसरा. लेखकाने कॉपीराइट विकून टाकला तरी हे हक्क त्याच्याजवळच राहतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं आणि त्याची हेळसांड झाली, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ते याच कलमावर.

म्हणजे नाव द्यायलाच हवं. ते लेखकाचं देणं आहे. पण नाव दिल्याने प्रत काढण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. ‘लेखक अज्ञात, वॉट्सॲपवरून साभार’ यात तर दोन्ही नाहीत. कुणी तरी, कुठे तरी बसून ते लिहिलेलं असतं. त्यातली एखादी ओळ शोधयंत्रात टाकली की लेखकाचं नाव पुष्कळदा दोन मिनिटांत सापडतं. तेवढी दोन मिनिटं आपण देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

नाव पुरेसं ठरतं अशी एक जागा आहे. काही लोक स्वतःहून आधीच जाहीर परवाना देऊन ठेवतात. क्रिएटिव्ह कॉमन्स हा अशा मुक्त परवान्यांचा सर्वांत ओळखीचा प्रकार. मराठी विकिपीडियाचा मजकूर याच प्रकारातला आहे: नाव द्या, परवान्याचा उल्लेख करा, बदल केले तर सांगा आणि तुमची नवी कृतीही त्याच परवान्यावर खुली ठेवा. काही परवान्यांत धंद्यासाठी वापर चालत नाही, काहींत बदल चालत नाही. तिथे नाव पुरतं, कारण परवानगी आधीच दिलेली असते.

## “मी यातून एक रुपयाही कमवत नाही”

पैसे न कमावणं तुमच्या बाजूने मोजलं जातं, पण त्यामुळे गोष्ट माफ होत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. हे घाबरवायला लिहीत नाही. बहुतेक प्रकरणं मजकूर काढून टाकल्यावर तिथेच मिटतात. पण ‘फुकट वाटलं म्हणजे पुण्य’ हा समज सोडायला हवा. वर्तमानपत्रांच्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फुकटच वाटल्या जात होत्या. २०२० मध्ये दैनिक जागरणच्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयातून त्या वाहिन्या बंद करण्याचा अंतरिम आदेश मिळवला.

## वाजवी वापर: न विचारता कुठवर जाता येतं

अनेक मराठी आणि अहिराणी व्हिडिओंच्या खाली इंग्रजीत एक परिच्छेद चिकटवलेला असतो: ‘कलम १०७, कॉपीराइट कायदा १९७६’. तो अमेरिकेचा कायदा आहे. यूट्यूब अमेरिकन कंपनी असल्याने तिच्या तक्रारप्रक्रियेत त्या कायद्याचा संबंध येतो, हे खरं. पण तो परिच्छेद चिकटवल्याने कुठेही संरक्षण मिळत नाही, अमेरिकेतही नाही. वापर खरोखर वाजवी होता का, एवढंच पाहिलं जातं.

भारतात वाजवी वापराची जागा कलम ५२ मध्ये आहे. अमेरिकेत कोणताही हेतू चार कसोट्यांवर तपासता येतो. आपल्याकडे हेतू कायद्यानेच ठरवून दिले आहेत. खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. तुमचा वापर यातल्या एका खणात बसला पाहिजे, आणि बसल्यावर तो वाजवीही असला पाहिजे.

वाजवी कसं ठरतं? केरळ उच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात तीन गोष्टी तपासल्या. किती आणि किती मोलाचा भाग घेतला, कशासाठी घेतला, आणि त्याने मूळ कृतीच्या बाजारात तिच्याशी स्पर्धा होईल का. तिथे एका नाटककाराने आधीच्या गाजलेल्या नाटकावर टीका करण्यासाठी त्यातलेच प्रसंग घेऊन प्रतिनाटक लिहिलं होतं, आणि न्यायालयाने प्रयोग होऊ दिला.

समजा, नव्या अहिराणी कथासंग्रहावर तुम्ही लिहिताय. भाषेचा पोत दाखवायला दोन-तीन परिच्छेद दिले आणि त्यांच्याबद्दल काही बोललात, तर हे परीक्षण झालं. संपूर्ण कथा टाकून वर ‘खूपच भारी, नक्की वाचा’ लिहिलं, तर परीक्षण झालं नाही; वाचकाला पुस्तक घ्यायचं कारणच उरलं नाही. व्हिडिओचंही तसंच. कुणाचा अख्खा विनोदी व्हिडिओ चालवून कोपऱ्यात आपला हसरा चेहरा ठेवणं म्हणजे टीका नव्हे. एखादं दृश्य थांबवून, त्यातली बोली, अभिनय, खोटेपणा उलगडून दाखवणं ही टीका.

‘तीस सेकंद चालतात’, ‘दहा टक्के चालतात’ असले आकडे बाजारात फिरतात. आपल्या कायद्यात असा एकही आकडा नाही. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे अर्धी कविता. उलट चारशे पानी कादंबरीतली चार पानं, त्यांच्यावर सविस्तर चर्चा असेल तर, वाजवी ठरू शकतात.

खाजगी वापराची मर्यादाही ध्यानात घ्या. लेख स्वतःच्या अभ्यासाला उतरवून ठेवणं खाजगी. तो दोनशे जणांच्या गटावर टाकणं, माझ्या मते, खाजगी राहत नाही. शिक्षकांना मात्र कायदा बराच हात सैल सोडतो: शिकवताना, शिकवण्यासाठी घेतलेल्या प्रती चालतात. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने हे उदारपणे वाचलं. क्लासच्या नावाने छापून विकलेल्या नोट्सना तीच सवलत मिळेल असं धरून चालू नका.

न्यायालयाचे निकाल, राजपत्रातला मजकूर यांचीही बहुतांशी मोकळीक आहे. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायलाही सवलत आहे, पण ती वाजवण्यापुरती. वरातीचा व्हिडिओ डीजेच्या गाण्यासकट यूट्यूबवर टाकला की आवाज बंद होतो, त्याचं कारण हेच.

## “मी शब्द बदलले, अहिराणीत केलं”

अनुवाद आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ लेखकाचाच असतो. प्रमाण मराठीतली कथा अहिराणीत आणणं हे मोठं काम आहे, त्यात तुमची प्रतिभाही लागते, आणि त्या अनुवादावर तुमचा स्वतंत्र हक्कही असतो. पण आधी विचारावं लागतं. वाक्यांची उलटापालट करून लेख ‘आपला’ करणं तर त्याहून वाईट. त्यात परवानगीही नाही आणि नावही नाही.

दुवा देणं हा सर्वात साधा मार्ग. दोन ओळींत तुमचं म्हणणं लिहा आणि मूळ पानाचा दुवा द्या. तिथलंच ‘शेअर’ बटण दाबणं आणि व्हिडिओ उतरवून स्वतःच्या चॅनलवर चढवणं, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात वाचक मूळ माणसाकडे जातो, दुसऱ्यात तो तुमच्याकडे अडतो.

## कानबाईची गाणी आणि गाणारी बाई

कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाची, म्हणजे रोटांच्या वेळची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांचा कर्ता एक नाही. त्या परंपरेवर कुणाची मालकी नाही. म्हणून शेतातून दमून आलेल्या एखाद्या मावशीला गायला लावायचं, मोबाइलवर टिपायचं, संगीत जोडायचं आणि ‘पारंपरिक’ म्हणून चढवायचं, हे सर्रास चालतं. कायद्याने गाणाऱ्या मावशीला कलावंताचा हक्क आहे, ५० वर्षांचा. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं टिपून धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही तिला आहे. त्यातून एखादी ओवी तिने स्वतः रचलेली असेल, तर ती रचनाही तिचीच. अहिराणी जपायची तर तिला गाणारी माणसंही नावानिशी नोंदवली गेली पाहिजेत, हे मी मनापासून सांगतो.

## परवानगी कशी मागायची

इथे लोक सर्वात जास्त बिचकतात, आणि प्रत्यक्षात हेच सगळ्यांत सोपं आहे. बहुतेक लेखक, विशेषतः छोट्या गावातले, कुणी विचारलं याच्यानेच सुखावतात.

परवानगी म्हणजे शेत बटईने देण्यासारखं आहे: बटईदार ठरलेल्या हंगामात ठरलेलं पीक घेतो, सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. दिवाळी अंकाला दिलेली कथा तेवढ्यावरून संकेतस्थळावर टाकता येत नाही, तिचं श्राव्य पुस्तक तर नाहीच. म्हणून काय, कुठे, किती काळ, हे स्पष्ट लिहायचं. परवाना लेखी असावा असं कायदा म्हणतो. ईमेल चालतो, वॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही पुरावा म्हणून जपून ठेवा. मुदत लिहिलीच नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

असं लिहिता येईल:

“नमस्कार ताई. तुमचा भालदेवच्या सणावरचा लेख वाचला, फार आवडला. आमच्या पानावर तो संपूर्ण, एकही शब्द न बदलता, तुमच्या नावासह आणि मूळ दुव्यासह टाकायची इच्छा आहे. पानावर जाहिराती नाहीत. दोन वर्षं ठेवू. त्याआधी तुम्ही काढा म्हटलं तर लगेच काढू. सोबतचा फोटो तुम्हीच काढला आहे का? नसेल तर कुणाला विचारू? मानधनाबद्दल तुमची अपेक्षा असेल तर निःसंकोच सांगा.”

उत्तर आलं नाही तर? आठवडाभराने पुन्हा विचारा. मौन हा होकार नसतो. तरीही उत्तर नाही, तर दुवा द्या, छोटा उतारा घेऊन त्यावर लिहा, थांबा. लेखक वारले असतील तर वारसांना किंवा प्रकाशकाला विचारा. कुणीच सापडत नसेल तर कलम ३१-अ मध्ये जाहिरात देऊन न्यायालयामार्फत परवाना घेण्याची वाट आहे. ती लांबची आहे, पण पुस्तकासारख्या मोठ्या कामाला उपयोगी पडते.

## कुणी तुमचंच उचललं तर

आधी पुरावा: पानाचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, आणि तुमची मूळ फाइल. मग साधा निरोप: लेख माझा आहे, परवानगी नव्हती, काढा किंवा नाव आणि दुवा द्या, काय हवं ते सांगा. बरेचदा इथेच काम होतं.

झालं नाही तर यूट्यूब, फेसबुक अशा संबंधित मंचाकडे लेखी तक्रार करा. दुवे पुरवणाऱ्या, मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या सेवेला अशी तक्रार मिळाली, की तिने २१ दिवस तो मजकूर उपलब्ध करून देणं थांबवावं, असं कलम ५२ मध्येच आहे. त्या काळात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. त्यापुढे जिल्हा न्यायालय. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. उचलणारा मुंबईत असला तरी तुम्हाला धुळे सोडावं लागत नाही. मात्र खोटी तक्रार करू नका, कारण निराधार धमक्यांविरुद्ध समोरच्यालाही कलम ६० खाली दाद मागता येते.

नोंदणी बंधनकारक नसली तरी वादात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. नियमांत साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि आक्षेपांसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. दर लेखाची नोंदणी करत बसू नका; कथासंग्रह, गाण्यांचा संच, संशोधनाचं मोठं काम असेल तर मात्र करून घ्या.